पाच ग्रंथालयं, एक तालिका: दहा महिन्यांच्या नोंदी

१० जून २०२४

काम का काढलं ते आधी लिहिते. गेल्या वर्षी एक ब्रदर प्रबंधासाठी ख्रिस्तपुराणाची (येशूवरच्या जुन्या मराठी काव्याची) १९०७ ची मंगळूर आवृत्ती शोधत होता. आमच्या तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या शोधयादीत, मिळेना, म्हणून मीच त्याला गोव्याला पाठवलं. रात्रीची बस, दोन दिवस मुक्काम, वहीत उतरवून घेतलेली पानं. तो परत आल्यावर दोन महिन्यांनी ग्रंथ पडताळणी करताना तीच आवृत्ती आमच्याच चौथ्या कपाटात हाती आली. कार्डावर लेखक होता ‘एस्तेव्हांव, तोमाज’. आम्ही शोधत होतो ‘स्टीफन्स, थॉमस’. माणूस एकच. त्या मुलाला हे सांगताना मला फार वाईट वाटलं.

म्हणून ठरवलं की ओळखीच्या पाच कॅथलिक ग्रंथालयांची एक संघतालिका, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच तालिका, करायची: पुण्याचं आमचं, मुंबईचं, वसईचं, नगरचं आणि गोव्याचं. सगळी ईशज्ञान (थिऑलॉजी), बायबल आणि चर्चचा इतिहास या विषयांची. ग्रंथपाल आम्ही चौघंच, कारण नगरला स्वतंत्र ग्रंथपाल नाही. तिथल्या कॉन्व्हेंटमधल्या एक सिस्टर शाळा सांभाळून पुस्तकं बघतात.

सुरुवातीची स्थिती अशी. आमच्याकडे कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, सुमारे ४१,००० नोंदी. मुंबईकडे विनआयसिस हे त्याच कामाचं जुनं सॉफ्टवेअर, २८,०००. वसईकडे एक्सेल, ६,३००, पण मराठी सगळं श्रीलिपी या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं. गोव्याकडे लाकडी कपाटातली कार्डं. नगरकडे फक्त दाखल नोंदवही.

८ जुलै

पहिली बैठक. मी तांत्रिक आराखडा घेऊन गेले होते, तो उघडलाच नाही. तीन तास एकाच प्रश्नावर गेले: यादी बाहेर गेली की पुस्तकंही बाहेर जाणार का? एका ठिकाणाहून पूर्वी दिलेले काही खंड परत आलेले नाहीत, आणि ती जखम अजून ओली आहे. हा प्रश्न मी आधीच ओळखायला हवा होता.

शेवटी एक पानी करार लिहिला. त्यातलं मुख्य वाक्य वसईच्या फादरांनी सुचवलं: ‘पुस्तक हलणार नाही, पान हलेल.’ म्हणजे मागणी आली तर हव्या त्या प्रकरणाचं स्कॅन जाईल, ग्रंथ जागेवर राहील. नोंदीची मालकी ज्याची त्याची. कुणालाही कधीही बाहेर पडता येईल आणि जाताना आपल्या नोंदी घेऊन जाता येतील. ही शेवटची अट घातल्यावर सगळ्यांचे खांदे सैल झाले.

दोन संस्थांच्या रेक्टरांची (प्रमुखांची) संमती मिळायची होती. त्यांना चर्चच्या सांस्कृतिक वारशासाठी असलेल्या पाँटिफिकल कमिशनचं (व्हॅटिकनच्या आयोगाचं) १९ मार्च १९९४ चं पत्र दाखवलं. चर्चची ग्रंथालयं ही चर्चच्या कार्याचाच भाग आहेत, हा त्याचा विषय. माझ्या आराखड्यापेक्षा या पत्राचा उपयोग जास्त झाला. हे काम काढणाऱ्यांनी पत्राची प्रत पहिल्या दिवसापासून जवळ ठेवावी.

२२ जुलै

भाड्याचा सर्व्हर घेतला, महिना १,१०० रुपये. त्यावर वेगळं कोहा बसवलं. आमच्या चालू कोहाला हात लावला नाही. आधी व्हूफाइंड हे फक्त शोधाचं सॉफ्टवेअर घ्यायचा विचार होता. ते व्हिलानोव्हा या ऑगस्टिनियन विद्यापीठात तयार झालं आणि अमेरिकेतल्या कॅथलिक ग्रंथालयांनी त्यावर आपलं सामाईक पोर्टल उभारलं. पण आमच्याशिवाय इतर कुणाकडे मुळात मार्क नोंदीच नव्हत्या. (मार्क म्हणजे संगणकावरच्या ग्रंथनोंदीचा ठरलेला साचा, त्यात प्रत्येक क्षेत्राला आकडा असतो.) शोधाचं दार बांधण्याआधी घर हवं, म्हणून कोहाच.

बसवायला दीड दिवस लागला. मग ‘येशू’ शोधलं तर शून्य निकाल. ‘ये’ शोधलं तर वाटेल ते. कोहामागची झेब्रा ही शोधसूची मुळात लॅटिन अक्षरांच्या नियमांवर चालते, देवनागरीत मात्रेपाशी शब्द तुटतो. मांडणीच्या फाइलमध्ये आयसीयू हे युनिकोड लिप्यांसाठीचे नियम चालू करून सगळी सूची नव्याने बांधावी लागते. नुसतं सेटिंग बदलून मी दोन दिवस वाट बघत बसले. सूची नव्याने बांधायची असते, हे कळायला ते दोन दिवस गेले.

५ ऑगस्ट

मुंबईच्या नोंदी. विनआयसिसमधून आयएसओ २७०९ या देवाणघेवाणीच्या साच्यातली फाइल काढली, मार्कएडिट या सॉफ्टवेअरमधून मार्क २१ (मार्कचं आजचं रूप) केली आणि चढवली. वरवर ठीक दिसलं. तिसऱ्या दिवशी मुंबईच्या बाईंचा फोन: ‘अहो, आमचे सगळे सहलेखक एकाच माणसात कोंबलेत.’ विनआयसिसमध्ये एकाच क्षेत्रातली पुन्हा येणारी नावं टक्क्याच्या चिन्हाने वेगळी करतात. मी ते चिन्ह न तोडता तसंच पुढे पाठवलं होतं. दोन-तीन लेखकांची नावं चिकटून एक लांबलचक नाव तयार झालेलं.

सगळ्या २८,००० नोंदी काढून टाकल्या, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आधी टक्क्याची चिन्हं तोडली, पुन्हा चढवल्या. आठवडा गेला. आता नियम केलाय की कुठूनही नोंदी आल्या तर आधी फक्त पन्नास चढवायच्या आणि ज्यांच्या त्या आहेत त्यांनीच त्या तपासायच्या. चूक मला दिसली नव्हती. त्या बाईंना दिसली, कारण ती पुस्तकं त्यांनी हाताळलेली आहेत.

२६ ऑगस्ट

वसईची एक्सेल. श्रीलिपीतला मजकूर म्हणजे आत रोमन चिन्हं आणि वर मराठीचा मुखवटा. फाँट काढला की सगळी गिचमिड. फुकटचं परिवर्तक वापरून युनिकोड केलं. रफार हटकून एक अक्षर पुढे सरकला: ‘धर्मग्राम’चं ‘धमर्ग्राम’. हे शोधून बदलता आलं, कारण चूक सगळीकडे सारखी होती.

खरा त्रास ‘ऱ्य’ने दिला. ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, यंत्राला मात्र वेगळे. ‘दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे दस्तऐवज’ हे पुस्तक आमच्या तालिकेत सापडायचं, वसईच्या नोंदीत नाही. मला आधी वाटलं वसईने नोंदच केली नाही, आणि तसं मी फादरांना बोलूनही गेले. त्यांनी मोबाइलवर पुस्तकाचा फोटो पाठवला. माझी चूक होती, दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली.

उपाय: चढवण्यापूर्वी सगळ्या फाइलींतलं जोडचिन्हाचं रूप बदलून पहिलं रूप करायचं, आणि शोधसूचीच्या नियमांत तसाच बदल घालायचा. मराठी तालिका करणाऱ्या प्रत्येकाला हे लागणार, म्हणून इतकं लांबवलं.

३० सप्टेंबर

आज संत जेरोमचा सण, ग्रंथपालांचा आश्रयदाता. पाचही जणं प्रथमच एका टेबलाशी बसलो. नगरच्या सिस्टर शाळेला सुट्टी टाकून आल्या. विषय एकच: नावं.

सुरुवात अर्थातच स्टीफन्सपासून. इंग्लंडमधून आलेला हा जेझुइट (येशूसंघाचा धर्मगुरू) २४ ऑक्टोबर १५७९ ला गोव्यात उतरला, १६१९ ला गेला. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं, मग १६४९ आणि १६५४ ला. या तीन छपाईंपैकी एकही प्रत आज माहीत नाही. आपल्याकडे आहे ती १९०७ ची जोसेफ साल्ढाणांची रोमन लिपीतली मंगळूर आवृत्ती, १९५६ ची शांताराम बंडेलूंची देवनागरी, १९९६ ची कारिदाद द्रागो यांची. पाच ग्रंथालयांच्या नोंदींत मिळून लेखकाची अकरा रूपं निघाली: थॉमस स्टीफन्स, स्टिफन्स, स्टीवन्स, तोमाज एस्तेव्हांव, एस्तेव्हाम, बस्टन आणि अशीच आणखी. पुस्तकाचीही पाच नावं. एका कार्डावर तर मूळ पोर्तुगीज नाव होतं, ‘आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयी’ अशा अर्थाचं. ते ख्रिस्तपुराणच आहे हे गोव्याच्या फादरांशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसतं.

मी ‘स्टीफन्स, थॉमस, १६१९ मृत्यू’ हे एक अधिकृत रूप ठरवून बाकीची मोडीत काढायच्या तयारीने गेले होते. गोव्याचे फादर शांतपणे म्हणाले, ‘आमच्याकडे येणारी माणसं पाद्री एस्तेव्हांवच विचारतात. तुम्ही ते नाव पुसलंत तर आमच्या वाचकांसाठी तो मेलाच.’ बरोबर होतं. नाव पुसायचं नसतं, जोडायचं असतं. अधिकृत नोंदीत एक रूप मुख्य ठेवलं आणि उरलेली दहाही ‘पाहा’ म्हणून मार्कच्या ४०० च्या क्षेत्रांत घातली. पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीला २४० मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ हे एकच समान शीर्षक.

मग भाषेचा संकेतांक. आमच्याकडे मराठी, गोव्याकडे कोकणी. आवाज चढले, हे लपवत नाही. जेवणानंतर १९०७ ची प्रतच मध्ये ठेवली आणि प्रस्तावना वाचली. स्टीफन्सने स्वतः लिहिलंय की हे मराठी भाषेत लिहिलं आहे, आणि लोकांना सोपं जावं म्हणून इथल्या ब्राह्मणांच्या बोलीतले शब्द मिसळले आहेत. संकेतांक मराठी ठेवला, मिश्रणाची टीप ५४६ मध्ये लिहिली. वाद पुस्तकानेच मिटवला.

दुपारी साधे शब्द घेतले. कॅथलिक, कॅथॉलिक, कॅथोलिक, काथोलिक. ख्रिस्त, क्रिस्त. पेत्र, पीटर, पेद्रू. चाळीस शब्दांचा तक्ता झाला. दिवसभरात फक्त चाळीस शब्द, पण माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा दिवस हाच.

२१ ऑक्टोबर

बोधांकांचा, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणाऱ्या क्रमांकांचा, घोळ. आमच्या कपाटांना लिन यांची पद्धत आहे: जेनेट मर्फी लिन यांनी १९३७ मध्ये कॅथलिक पुस्तकांसाठी केलेलं वर्गीकरण, लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतल्या ग्रंथालयाच्या पद्धतीतल्या मोकळ्या अक्षरांत बसवलेलं. त्यात ‘बीक्यू’ म्हणजे ख्रिस्ती वाङ्मय, ‘बीक्यूटी’ म्हणजे ईशज्ञान. पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसने तेच ‘बीक्यू’ बौद्ध धर्माला दिलं. मी नव्या पुस्तकांच्या नोंदी झेड ३९.५० वरून (दुसऱ्या ग्रंथालयाच्या नोंदी थेट घेण्याच्या सोयीने) तिथूनच उतरवून घेत होते, आणि बोधांकही त्यांच्यासोबत येत होता. परिणामी पडद्यावरच्या यादीत संत ऑगस्टीन आणि त्रिपिटकावरचे अभ्यास शेजारी शेजारी. कपाटात कुणाचंही काही हललेलं नव्हतं, पण एक विद्यार्थी यादी बघून अर्धा तास भलत्या कपाटाशी उभा होता.

मुंबईचं वर्गीकरण ड्यूई यांच्या दशांश पद्धतीचं, गोव्याचं स्वतःचं. सगळ्यांचं एक करायचा मोह झाला. केलं नाही, करूही नये. बोधांक प्रतीच्या माहितीत, ज्याचा त्याने ठेवला. विषयशीर्षकं मात्र सामाईक. उतरवलेल्या नोंदींतलं ०५० हे बोधांकाचं क्षेत्र आता चढवण्यापूर्वी काढून टाकते.

२८ नोव्हेंबर

गोव्याची फेरी वाया गेली. संत फ्रान्सिस झेवियर यांचा दहा वर्षांनी होणारा शवप्रदर्शन सोहळा २१ तारखेला सुरू झालाय, ५ जानेवारीपर्यंत आहे. ही तारीख सगळ्या जगाला माहीत होती. मी तिकीट काढताना फक्त आमच्या परीक्षांचं वेळापत्रक पाहिलं. खोल्या नाहीत, फादर दिवसभर जुन्या गोव्यात यात्रेकरूंच्या सेवेत. एका संध्याकाळी दोन तास कपाट उघडून मिळालं. ४,२०० रुपये आणि तीन दिवस गेले. जुन्या गोव्यात रांगेत उभी राहून दर्शन मात्र घेतलं, त्याचं समाधान आहे.

१७ जानेवारी २०२५

पुन्हा गोवा, यावेळी नीट आखून. दोन विद्यार्थी सोबत. कार्डं टाइप करत बसायचं नाही. प्रत्येक खणाचे मोबाइलवर फोटो काढायचे, पुण्याला येऊन नोंदी करायच्या. सहा दिवसांत ३,९०० कार्डं झाली. पावसाळ्याच्या दमटपणाने काही खणांतली कार्डं एकमेकांना चिकटलेली. ती ओढायची नाहीत, पंख्याखाली दिवसभर उघडी ठेवायची. घाईत दोन फाटली. फादरांनी ती स्वतः चिकटवली आणि आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत.

इथे नवी अडचण. १९११ मध्ये पोर्तुगीज शुद्धलेखन बदललं. त्याआधीच्या पुस्तकांवर ‘थेओलोजिया’, ‘ख्रिस्तो’ अशी ग्रीक वळणाची अक्षरं, नंतरच्यांवर ती गळालेली. आजच्या रूपाने शोधलं की जुनं पुस्तक सापडत नाही. शीर्षक जसं छापलंय तसंच २४५ मध्ये ठेवलं, आजचं रूप २४६ मध्ये. यात माझं पोर्तुगीज अपुरं पडतं. फादर रोज रात्री जेवणानंतर वीस-पंचवीस नोंदी तपासून पाठवतात. हा वेग मान्य केला आहे.

४ फेब्रुवारी

या कामातली सर्वांत मोठी चूक. एकाच पुस्तकाच्या पाच नोंदी दिसू नयेत म्हणून दुहेरी नोंदी आपोआप एकत्र करायची आज्ञा दिली. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असलेल्यांना अडचण आली नाही. पण आमची निम्मी पुस्तकं आयएसबीएन यायच्या आधीची. त्यांच्यासाठी शीर्षक आणि लेखक जुळले की एकत्र कर, असा नियम लिहिला आणि वर्षाची अट विसरले. सकाळी पाहते तो १९०७, १९५६ आणि १९९६ ची ख्रिस्तपुराणं एकाच नोंदीत. बायबलच्या वेगवेगळ्या भाषांतरांची एक मोळी. मीन्याच्या लॅटिन पितृग्रंथमालेचे २२१ खंड आमच्याकडे खंडागणिक वेगळे नोंदवलेले, मुंबईकडे एका नोंदीत. त्यांचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही.

आदल्या रात्रीची प्रत बाहेरच्या डिस्कवर होती, म्हणून वाचले. तरी त्या दिवशी नगरच्या सिस्टरांनी नव्याने घातलेल्या ६० नोंदी गेल्या. त्यांना कळवलं. त्यांनी दोन रात्री बसून पुन्हा घातल्या.

आता आयएसबीएन नसलेलं काहीही आपोआप एकत्र होत नाही. यंत्र जोड्यांची यादी देतं, ज्या दोन ग्रंथालयांची पुस्तकं असतील त्यांनी फोनवर शीर्षकपान, वर्ष आणि पृष्ठसंख्या एकमेकांना वाचून दाखवायची. आठवड्याला साधारण शंभर जोड्या होतात. नियतकालिकांनाही हेच. ‘क्लर्जी मंथली’ १९३८ ला सुरू झालं आणि १९७५ पासून ‘विद्याज्योती’ झालं. त्या दोन नोंदी एकत्र करायच्या नाहीत. ७८० (आधीचं नाव) आणि ७८५ (नंतरचं नाव) या क्षेत्रांनी एकीकडून दुसरीकडे वाट दाखवायची.

२ मार्च

‘निरोप्या’. जर्मन जेझुइट फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये सुरू केलेलं हे मराठी मासिक. कुणाकडेही सलग नाही. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याकडे असेल. भिंतीवर मोठा कागद लावला: उभी वर्षं, आडवे बारा महिने, प्रत्येक ग्रंथालयाला एक रंगीत पेन्सिल. आमचे, मुंबईचे आणि वसईचे रंग भरल्यावरही मधे मोठी पांढरी पट्टी उरली.

नगरच्या सिस्टर म्हणाल्या, ‘आमच्याकडे कपाटात काही नाही, पण कोठीत एक ट्रंक आहे.’ मी शनिवारी गेले. पत्र्याची ट्रंक, वर मुलींच्या गॅदरिंगचे पडदे. आत दोरीने बांधलेले ‘निरोप्या’चे गठ्ठे, दाखल नोंदवहीत कधीच न चढलेले. कसर लागलेली, दोन गठ्ठे वाळवीने खाऊन भुगा. बाकीचे वाचता येतात. कुणीतरी प्रत्येक गठ्ठ्यावर शाईने वर्ष लिहून ठेवलं होतं, सुबक अक्षरात. पांढऱ्या पट्टीतले ४७ महिने भरले.

मी लगेच सगळं पुण्याला न्यायची भाषा केली. सिस्टरांनी मला कराराची आठवण करून दिली: पुस्तक हलणार नाही. त्यांचं बरोबर होतं. स्कॅनर तिकडे जाईल.

२९ मार्च

आतापर्यंतचा खर्च: सर्व्हर ११,०००, प्रवास १८,४००, विद्यार्थ्यांचं मानधन २४,०००, दोन डिस्क ५,२००. एकूण ५८,६०० रुपये. हा खर्च पाचांनी सारखा वाटला नाही. पुस्तकांच्या संख्येनुसार वाटला, नगरकडून काहीही घेतलं नाही.

वेळेचा हिशेब मांडला तर यंत्राशी संबंधित काम जेमतेम सात आठवड्यांचं. उरलेला सगळा वेळ माणसांना भेटण्यात, फोनवर आणि शीर्षकपानं वाचून दाखवण्यात गेला. तो कमी करता येईल असं मला वाटत नाही.

राहिलेलं: गोव्याची अर्ध्याहून जास्त कार्डं, लॅटिन पुस्तकांची विषयशीर्षकं, सुमारे १,९०० संशयित जोड्या, आणि मी अजून कुणाला कामाची पूर्ण रीत शिकवलेली नाही. मी आजारी पडले तर सगळं थांबेल. हे सर्वांत आधी सुधारायला हवं. मुंबईच्या बाई एप्रिलमध्ये चार दिवस येणार आहेत, सर्व्हरची किल्ली त्यांच्याकडेही देणार.

काल पहिली बाहेरची मागणी आली. वसईच्या एका शिक्षिकेला १९५६ च्या ख्रिस्तपुराणाची प्रस्तावना हवी होती. तिने ‘एस्तेव्हांव’ टाइप केलं होतं आणि तिला तिन्ही आवृत्त्या, तिन्ही ठिकाणं दिसली. पानं मुंबईहून संध्याकाळपर्यंत गेली.

सोमवारी स्कॅनर घेऊन नगरला जायचंय. सिस्टरांनी कोठीत टेबल लावून ठेवलंय, आणि गठ्ठ्यांसाठी जुन्या सुती साड्या धुऊन.